मोठ्या मामांची टाच

माझी मामी जुने सोफे उसवते. सोफे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात कापड लावणारे वेगळे, पॉलिशवाले वेगळे. मामीच्या वाट्याला येतो तो आतला ऐवज. केसांचे गुंते, उंदराच्या लेंड्या, कुणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. एकदा तर अख्खी कवळी निघाली. मामीला मात्र कधी किळस येत नाही. "परक्याची घाण गं ती. हात धुतले की संपली."

घरी तिचा एक खास चाकू होता, घडीचा. पात्याचा टोकाकडचा भाग साधा, फळं चिरायला. मुठीकडचा करवतीसारखा दातेरी, पाव आणि टोमॅटो कापायला. गेले काही महिने तो टोमॅटो कापण्याऐवजी चेंगरत होता. मामी धारेला दोष देत होती.

त्या रविवारी मी तिच्याकडेच होते. दुपारी वाळलेले कपडे काढायला आम्ही दोघी बाल्कनीत गेलो. तिथे मोठे मामा, म्हणजे मामीचे थोरले दीर, एक पाय स्टुलावर टाकून बसले होते. खाली पेपर अंथरलेला. हातात तो चाकू, आणि त्याच्या दातेरी भागाने ते टाच खरवडत होते. पेपरावर पांढरा भुगा पडला होता.

"भाऊजी!"

"धार गेलीय गं याची," ते मान वर न करता म्हणाले. "आधी कशी झटझट निघायची."

"आधी? कधीपासून चाललंय हे?"

"झाले असतील आठेक महिने."

मामीने तोंडावर हात दाबला आणि मोरीकडे धावली. सकाळचा टोमॅटो मीही खाल्ला होता.

मामा आतून म्हणाले, "अगं, दादा धुऊन ठेवत असेल ना!"

"पुसून ठेवतो," मोठ्या मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

कारखान्यात कधी हातमोजे न घालणाऱ्या मामीने घरात हातमोजे घातले, नाकाला ओढणी बांधली आणि चाकू उकळत्या पाण्यात टाकला. जुन्या टूथब्रशने ती पात्याचे दात घासायला लागली. दातांच्या खाचांतून, घडीच्या सांध्यातून करडट लगदा निघत होता. "ई! अजून आहे! बघ, अजून!"

मग धार. साधा भाग तिने ओल्या दगडावर, पातं एकाच कलाने धरून, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ओढला. दातांना दगड चालत नाही. बारीक पॉलिश पेपर विणायच्या सुईवर गुंडाळून ती एकेक खाच घासत गेली, तेही पात्याच्या उतरत्या बाजूनेच. मागच्या सपाट बाजूला धातूची कड उलटून आली होती. पातं दगडावर आडवं ठेवून हलक्या हाताने एकदाच ओढून तिने ती काढली. शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडला. तास गेला असेल. एवढ्या वेळात तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

तिने पेअर घेतलं. पातं नुसतं टेकवलं की फोड सुटी होऊन बशीत पडत होती. इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. मामीने एक ओठांपर्यंत नेली, थांबली, आणि बशीत परत ठेवली.

"नाही गं जात."

चाकू तिने मोठ्या मामांसमोर आपटला. "घ्या. तुमचाच झाला आता."

त्यांनी अंगठ्याने धार चाचपली. "बाप रे! याने टाच नाही, पाय जाईल माझा." मग बशीकडे हात केला. "हे कुणी खाणार नाही का?" आणि उभ्या उभ्या सगळ्या फोडी संपवल्या. रस हनुवटीवरून ओघळत होता. मामी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

चाकू आता त्यांच्या उशाला असतो. टाचेसाठी मामांनी त्यांना पाय घासायचा दगड आणून दिलाय. मामी फळ चिरत नाही. सालासकट चावून खाते, आणि तेही मोठे मामा बाहेर गेले असतील तेव्हाच.