मिरचीचं रिकामं मडकं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं कागदांबरोबर ठाण्यात राहिली. सत्तरच्या दशकातलं, वलवणजवळच्या एका गावातलं हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

मी तेव्हा लोणावळ्यात फौजदार होते. तळेगावकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. "बहीण शोधून द्या बाई. सासरचे म्हणत्यात म्हायेरी गेली. आमच्याकडं आलीच न्हाई." हरवल्याची नोंद घेतली आणि हवालदाराला बरोबर घेऊन गावात गेले.

विहिरीवर तिची शेजारीण हळूच म्हणाली, "गेल्या सोमवारी दुपारी आमच्या अख्ख्या आळीला ठसका लागलता. तवापास्नं ती दिसली न्हाई. माझं नाव नका लिवू."

घराची झडती घेतली. सगळं जागच्या जागी. चुलीजवळचं मिरचीचं मडकं मात्र तळापर्यंत रिकामं. हवालदार हसला, "बाई, आता मिरच्यापण मोजायच्या का?"

"उन्हाळ्यात भरलेलं वर्षाचं मडकं आषाढात संपतं? घरी विचारून बघा."

त्याचं हसू गेलं.

सासूला ठाण्यात आणलं. चहा दिला. "मावशी, मिरच्यांची धुरी कुणाला दिली?"

तिनं कमरेला खोचलेली एक चुरगळलेली पुस्तिका काढली. एका सिनेमा कंपनीनं गावाजवळच्या वलवण धरणावर परग्रहावरच्या राक्षसाच्या भयपटाचं शूटिंग केलं होतं आणि जाहिरातीसाठी एक चित्रकथा वाटली होती. सिनेमा सुरू होतो त्याच्या आधी काय घडलं, त्याची ती गोष्ट. आकाशातून काहीतरी धरणात पडतं, गावातल्या एका बाईच्या अंगात शिरतं. ती बोलणं सोडते, जेवत नाही, पाण्याकडे बघत बसते.

सून तशीच वागत होती. तिचं तान्हं मूल जाऊन दोन महिने झाले होते.

"मावशी, सिनेमा खोटा असतो."

"त्येवढं मला कळतंय की! पण ह्ये सिनेमातलं न्हाई, त्याच्या आदी झाल्यालं हाय. लेकानं वाचून दावलं. धरण आपलंच, डोंगूर आपलाच."

"मग काय केलंत?"

"लेकानं तिला आत कोंडून भाईरनं कडी घातली. झपाटल्याल्याला आमी धुरी देतो, चार खोकल्यात उतरतं. ती लय खोकली. मग गप झाली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, उतरलं."

लेकानं, म्हणजे सुनेच्या नवऱ्यानं, शेताच्या बांधाजवळची जागा दाखवली. पंचांसमोर प्रेत काढलं. भावानं ओळख पटवली आणि तिथंच खाली बसला. "दोनदा निरोप धाडलता तिनं, घिऊन जा म्हून. पेरणी आटपली की येतो म्हनालो."

मायलेकांना शिक्षा झाली. कोर्टात सासू एकच सांगत राहिली, मी तिला बरी करत होते. ते खरं होतं. त्यानं गुन्हा कमी होत नाही.

या तपासात मी क्रूर माणूस शोधत गेले आणि काळजी करणारी माणसं हाती लागली. दोन महिने ती बाई गप्प होती. तिच्या गप्प बसण्यावर घरात चर्चा झाली, उपाय ठरला, पुस्तिका वाचली गेली. तिच्याजवळ बसून, बाई, काय होतंय तुला, एवढं कुणी विचारलं नाही.

पुढे ठाण्यात एखादी गप्प बाई आली, की मी जबाबाचा कागद बाजूला ठेवून आधी ते विचारत असे. काहीजणी बोलल्या.