तारीख कुठली टाकू?

मागावरच्या कापसाच्या तुसानं आमच्याकडं लॅपटॉप टिकत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी मी नवा घेतो आणि साखर पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं जाऊन त्यात जुनं विंडोज टाकून घेतो. चादरीची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर जुन्यावरच चालतं. ते वडिलांनी घेतलेलं. त्यांची सगळी डिझाइनं त्यातच आहेत.

लॅपटॉप कोरा करकरीत असला तरी तो आधी स्क्रीन शर्टाच्या बाहीनं पुसतो. जुनं विंडोज चढलं की टचपॅड चालत नाही, आवाज येत नाही. "एकमेकाला वळखत न्हाईत की," असं म्हणून तो एकेक ड्रायव्हर टाकतो. "हा टचपॅड, हा स्पीकर," असं पुटपुटत, लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी तसा.

घड्याळ सगळ्यात शेवटी. "तारीख कुठली टाकू, मालक? जुनी का आजची?" हा त्याचा दरवेळचा विनोद. मी हसतो, तोही हसतो.

परवा मला हसू आलं नाही. सॉफ्टवेअर चालतंय का बघायला त्यानं एक फाईल उघडली होती. वडिलांचा शेवटचा मोर होता, पिसारा अर्धाच भरलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"सांगा सावकाश. मला घाई न्हाय."



"आजचीच टाका," मी बऱ्याच वेळानं म्हणालो.

त्यानं आकडे टाकले. मान वर न करताच म्हणाला, "लई जण थांबतात, मालक. शेवटी आजचीच सांगतात."