सीटमागची चार बोटं

आमच्या पिकअपच्या सीटमागे किती जागा आहे, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. खाली वीतभर, वर चार बोटं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वूफरची पेटी बनवली ती मात्र खालीवर सारखीच, वीतभर. माझ्या स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाची प्लायवूडची दारं कापून पेटी झाली, खापर गावच्या बाजारातून आणलेला जुना वूफर तिच्यात बसला, वरून काळा रंगही लागला. पेटी देखणी होती. फक्त ती गाडीत ठेवली की सीटची पाठ पुढे यायची आणि बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे.

बसणाऱ्या म्हणजे सासूबाई. त्यांचे गुडघे धरलेले, पाय लांब केल्याशिवाय त्यांना बसवत नाही. आणि रविवारी रनाळ्याला त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"मन्ही जागा जशीनी तशी ठेव. नही ते हाई खोकं मी चुलामा टाकसू."

ह्यांचा चेहरा पडला. मिरचीच्या गोण्या वाहण्यात ह्यांची निम्मी हयात गेली, आणि गाडीत गाणी ऐकली ती डॅशबोर्डमधल्या करकरत्या स्पीकरवर. त्यावर ढोलसुद्धा चमच्याने ताट बडवल्यासारखा ऐकू येतो. ढोल छातीत वाजला पाहिजे, एवढीच ह्यांची हौस.

शनिवारी सकाळीच आम्ही कामाला लागलो. पेटी वरच्या बाजूला निमुळती कापायची आणि सीटमागचं जे निघेल ते काढून जागा वाढवायची, असं ठरलं. मी आधी यादी केली. काढण्याच्या क्रमाने लिहिली की लावताना तीच खालून वर वाचता येते.

"यादी करीसन नट ढिला व्हस का?" हे म्हणाले.

"ढिला नही व्हस, पन सापडस," मी म्हटलं.

मागे ह्यांनी घरातला पंखा उघडून साफ केला, तेव्हा दोन स्क्रू उरले होते. ते कंपनीने जास्तीचे दिलेत, असं मला सांगण्यात आलं होतं. म्हणून या वेळी मी मसाल्याचा डबा रिकामा करून आणला. हळदीच्या वाटीत सीटचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत पाठीचे, मोहरीच्या वाटीत बेल्टचे. प्रत्येक वाटीला चिठ्ठी. हे हसले, पण पुढे तासाभरात "जिरं दे" म्हणून हात पुढे करायला लागले.

सीट निघाली. पाठ निघाली. जॅक आणि पान्यांची पिशवी निघाली. मग मागच्या पत्र्यावरचं प्लॅस्टिकचं पॅनल. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर घालून ओढलं तशी एक क्लिप कडकन मोडली. मी उलथन्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून दिलं, बाकीच्या क्लिपा शहाण्यासारख्या निघाल्या. पॅनलमागे नमद्याचा, घोंगडीसारखा जाड थर होता, तोही काढला. त्याखाली मिरचीची देठं, बिया आणि तांबडी धूळ. मी ओल्या फडक्याने पत्रा लख्ख पुसला आणि यादीत 'पुसणे' समोर खूण केली.

पॅनल आणि नमद्याने दोन बोटं दिली, पेटी निमुळती कापून बाकीची मिळाली. पेटी आत सरकली आणि सीटची पाठ पूर्वीच्या जागी उभी राहिली. सासूबाईंना आणून बसवलं. त्यांनी पाय लांब केले, मान हलवली, खुसपट काढायला काही सापडेना. हे इतके खूश झाले की त्यांनी थेट गाणं लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

पहिलाच ढोल वाजला आणि दारांच्या फटीतून, सीटच्या फोममधून, छताच्या कापडातून इतक्या वर्षांची मिरची खाली आली. आम्ही तिघं शिंकत, खोकत बाहेर पडलो. म्हणजे आम्ही दोघं पडलो आणि सासूबाईंना ओढून काढलं.

"हाई गाडी शे का मिरचीनी चक्की?" त्या पदराने नाक दाबत ओरडल्या.

ह्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "यादीमा व्हतं का?"

दुपारभर आम्ही पुन्हा सगळं काढलं, दारांची पॅनलं उघडली, सीट काठीने बडवली. सासूबाईंनी तोवर निकाल बदलला होता: लग्नापर्यंत पेटी राहील, पण मुकी. परत आल्यावर बाहेर.

रविवारी त्या खिडकीशी पाय पसरून, मी मध्ये गिअरला गुडघे चुकवत, आणि हे तोंडानेच ढोल वाजवत, असे आम्ही निघालो. रनाळ्याच्या वेशीत आमच्या पुढे सुरतेच्या पाहुण्यांची मोठी गाडी होती, गाणी वाजवत चाललेली. मांडवातली माणसं तिच्याकडे धावली. मागे मिरचीची पिकअप कोणाच्या नजरेत येणार?

सासूबाईंनी हे सगळं पाहिलं.

"खोकं बसाडं ते वाजाडाले का दखाडाले?" त्या म्हणाल्या. "लाव. मन्हा भाऊले समजू दे, बहीण उनी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंवरून वाकून खिडकीची काच खाली केली. ढोल वाजला, गाडीचा पत्रा थरथरला, मांडवातल्या माना वळल्या. उरलीसुरली मिरचीही निघालीच. आम्ही उतरलो ते डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाकं लाल झालेली. सासूबाईंची भावजय धावत आली आणि तिने त्यांना कवटाळलं.

"दखा व माय, नातना लगीनले कितली रडी ऱ्हायनी!"

सासूबाईंनी ते मुकाट्याने कबूल केलं, आणि मग तिच्याच खांद्यावर शिंकल्या.

परतीच्या वाटेवर ह्यांनी भीत भीत विषय काढला. "माय, मंग खोकं काढू?"

सासूबाईंनी पाय लांब केले. "घर उनं का दखू. आते वाजू दे."

घर आलं. त्यालाही आता चार महिने झाले. पॅनल आणि नमदा मी गोणीत बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवलाय. मसाल्याच्या डब्यात मात्र, मोहरीच्या वाटीत, दारातली एक क्लिप उरली. ती कुठली, हे यादीत सापडत नाही. कंपनीने जास्तीची दिली असेल.