लॅव्हॉनने गाडी धुतली

लॅव्हॉन राश्केने तीस वर्षं शाळेची बस चालवली. मिशिगनचा हिवाळा, त्यात उपसागरावरून येणारं वारं. पहाटे उठायचं, अंगणातल्या आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, मग आगारात जाऊन बसच्या काचेवरचा. आणि ही इकडे खरवडत असताना पाठीमागे, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, कोरड्या जमिनीवर एक न चालणारी गाडी सुखाने झोपलेली असायची. ती नवऱ्याची.

नवरा डेल. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाला, पण गाड्या काही सुटल्या नाहीत. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने चार जमवल्या होत्या. सगळ्या त्याच्या तरुणपणातल्या, दोन दारांच्या, लांब नाकाच्या, पुढे भलं दांडगं इंजिन बसवलेल्या. मसल कार. त्यातली एक भगवी शेव्हेल त्याने इतकी नटवली होती की मूळ मालकाने ओळखली नसती. चाकं रुंद केलेली, मागची बाजू उचललेली, बॉनेट कापून इंजिनाचं नाक वर काढलेलं. उन्हाळ्यात शनिवारी ती घेऊन तो बाजाराच्या मैदानात जायचा, इतरांच्या रांगेत उभी करायचा आणि घडीची खुर्ची टाकून तिच्यामागे बसायचा. दिवसभर बसून संध्याकाळी परत. लॅव्हॉन एकदा बरोबर गेली होती, बटाट्याचं सॅलड घेऊन. पुन्हा गेली नाही.

शेडमधल्या गाड्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. दारू नाही, जुगार नाही. देवाने माणसाला एक वेड दिलंच आहे तर हे बरं, असं ती म्हणायची. तक्रार होती ती गॅरेजमधलीबद्दल.

ती सत्तर सालची ओल्ड्समोबिल. हिरवी. म्हणजे हिरवी असावी. डेलने ती एका म्हातारीच्या कोठारातून उचलून आणली तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ होती, आणि तीच धूळ इतकी वर्षं तशीच होती. बॉनेटवरून काचेपर्यंत मांजराच्या पंजांची रांग उमटलेली. इंजिनावर उंदराने घर केलेलं. डेलने तिला हात लावला नव्हता आणि गॅरेजमध्ये कुणाला झाडूही मारू दिला नव्हता. "धूळ हलते," एवढंच म्हणायचा. शेजारच्या कामाच्या टेबलावर त्याचं सुट्या भागांचं रंगकाम चाले, तेव्हा ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून सांगत असेल, असा लॅव्हॉनने आपला अर्थ लावला होता. नवरा-बायको जन्मभर एका छपराखाली राहतात, हजार गोष्टी बोलतात. पण धुळीबद्दल कोण बोलत बसतं?

ऑगस्टमध्ये लॅव्हॉनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, सगळं करा, फक्त पडू नका. पडलात तर खुर्चीतच बसावं लागेल. आणि घरासमोरचा उतार तर हिवाळ्यात आरशासारखा होतो. घरी आल्यावर तिने पहिल्याच जेवणाला, प्रार्थना संपवून 'आमेन' म्हटलं आणि त्याच दमात सांगितलं, "डेल, यंदा माझी गाडी आत. बर्फ पडायच्या आत."

"हं."

"हं नको. हो म्हण."

"हो म्हटलं की."

"हं म्हटलंस."

डेलने काट्याने बटाटा इकडून तिकडे ढकलला. "तिला ठेवू कुठे? शेड भरलीय."

"वीक."

दाढ उपटायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला. पण तिच्या काठीकडे पाहून तो म्हणाला, "बरं. विकतो."

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. झाडं उघडी झाली. डेल रोज म्हणायचा, आज फोटो काढतो, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. शेवटी नोव्हेंबर लागला तेव्हा ओहायोच्या केंट ऑस्ट्रँडर नावाच्या माणसाचा फोन आला. फोटो पाहिलेत, शनिवारी ट्रेलर घेऊनच येतो म्हणाला. लॅव्हॉनने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि डेलच्या फोनमध्ये ते फोटो पाहायला घेतले. पाहिले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे पाठवलेस तू लोकांना? ही घाण?"

"त्याला आवडले."

"उंदराच्या घराचासुद्धा फोटो काढलायस."

"तो तर त्याने दोनदा मागितला," डेल म्हणाला, आणि टोपी चढवून कॉफीला निघून गेला.

लॅव्हॉनला वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, थट्टाही नाही, हा डाव आहे. मुद्दाम घाणेरडी दाखवायची, म्हणजे गिऱ्हाईक येईल, नाक मुरडेल आणि जाईल. गाडी जागच्या जागी, आणि हा म्हणायला मोकळा की मी तर विकायला काढली होती.

आता लॅव्हॉनचा स्वभाव असा, की चर्चच्या तळघरात दरवर्षी जुन्या वस्तूंची विक्री होते तेव्हा आलेली प्रत्येक कपबशी ती आधी धुणार. लोक म्हणायचे, अगं, घेणारे धुतील की. ती म्हणायची, आपल्या हातून दुसऱ्याकडे जाणारी वस्तू स्वच्छ जावी, नाहीतर देऊच नये. ह्याच बाईच्या घरातून, तिच्या नावाने, ते धुळीचं ढेकूळ ओहायोला जाणार होतं.

गुरुवारी डेल त्याच्या मित्राकडे, नॉर्बकडे गेला. हरणांच्या शिकारीचे दिवस तोंडावर आले होते, तंबूची डागडुजी काढली होती. लॅव्हॉनने कोमट पाण्याची बादली भरली, त्यात भांडी घासायचा साबण घातला, काठी भिंतीला टेकवली आणि गाडीला भिडली. झाडू मारला नाही. धूळ उडू नये ह्याची काळजी घेतली. छप्पर, दारं, काचा, बॉनेट. मांजराचे पंजे दोनदा घासावे लागले. उंदराचं घर चिमट्याने उचलून कचऱ्यात. खालून खरोखर हिरवा रंग निघाला, हिवाळ्यातल्या पाइनसारखा गडद. मध्येच एका स्टुलावर बसून तिने तो डोळे भरून पाहिला. गाडी देखणी होती हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आता ही जाणार म्हणून किंचित वाईटही वाटलं.

डेल आला तो नॉर्बला आणि गेलॉर्डला घेऊन. तिघे शाळेपासूनचे. गॅरेजचं दार वर गेलं. तिघेही उंबऱ्यात थांबले. नॉर्बने टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी.

"चमकली की नाही?" लॅव्हॉन म्हणाली.

डेल उपड्या बादलीवर बसला. मग म्हणाला, "पंजे कुठे गेले?"

"कसले पंजे?"

"मांजराचे, लॅव्हॉन."

"धुतले."

गेलॉर्डने घसा साफ केला. तो तिघांत जरा समजावून सांगणारा. "लॅव्हॉन, रंग काय, हवा तितक्यांदा देता येतो. पण गाडी जशी सापडली तशी, कुणाचा हात न लागलेली, ती एकदाच असते. हल्लीचे लोक त्यालाच भुलतात. तो ओहायोवाला गाडीसाठी येत नव्हता. धुळीसाठी येत होता."

"धुळीसाठी."

"तीस वर्षांची खरी धूळ होती ती."

"माझ्या सोफ्याखाली आहे तसली," लॅव्हॉन म्हणाली. "ती घेऊन जा म्हणावं." पण हे बोलता बोलताच तिला कळलं होतं. आपणच आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवलं, आणि गिऱ्हाईकाबरोबर गॅरेजही. "मला सांगायला काय झालं होतं तुला, डेल?"

"झाडू लावू नको म्हणत होतो की."

"धुऊ नको म्हणाला नव्हतास."

ह्यावर नॉर्ब हसला, आणि डेलने पाहिल्यावर गप्प झाला.

शुक्रवारी सकाळी लॅव्हॉनला तिची पिठाची चाळणी सापडेना. शोधत शोधत गॅरेजमध्ये गेली, तर तीन म्हातारे, तोंडाला रुमाल बांधलेले, गाडीभोवती उभे. उंदराचं घर कचऱ्यातून काढून पुन्हा इंजिनावर बसवलेलं. नॉर्बने आपल्या गवताच्या कोठारातून पोतंभर धूळ आणली होती. गेलॉर्ड ती चाळणीने छपरावर भुरभुरत होता, केकवर साखर भुरभुरावी तशी, आणि डेल मागे सरून, डोळे बारीक करून सांगत होता, "डाव्या बाजूला जास्त होती."

"ती चाळणी माझी आहे."

"धुऊन देतो," गेलॉर्ड म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून खाली पाहू लागला.

पंजांसाठी नॉर्बने आपली मांजर आणली होती. तिला बॉनेटवर ठेवलं. ती बसली. ढकललं तर आडवी झाली. पुढे सार्डिन माशाचा तुकडा धरला तेव्हा एकाच उडीत तुकड्यावर पोहोचली, मधे एकही पाऊल न टाकता, आणि जाताना शेपटीने अर्धं बॉनेट पुसून गेली. शेवटी डेल स्वयंपाकघरात आला, टोपलीतला एक बटाटा घेऊन खिशातला चाकू काढला आणि त्याचा पंजा कोरायला बसला.

"डेल," लॅव्हॉन म्हणाली, "त्या माणसाला हे सांगणार आहेस ना?"

"विचारलं तर."

"म्हणजे नाही."

"गॅरेज तुलाच हवंय ना? तुझ्यासाठीच चाललंय हे."

रात्री झोपताना तिने नेहमीची प्रार्थना म्हटली, पण त्यात गॅरेजचं नाव घ्यायला जीभ रेटेना.

शनिवारी केंट ऑस्ट्रँडर आला. चांगला, मऊ बोलणारा माणूस. गाडीपाशी आला आणि हात पाठीमागे बांधून चालू लागला, चुकून कुठे बोट लागू नये म्हणून. बॉनेटपाशी वाकला. बटाट्याचे पंजे बघून त्याचा चेहरा विरघळला. "माझ्या आजोळी असंच कोठार होतं," म्हणाला. डेल छताकडे पाहत होता. नॉर्ब आणि गेलॉर्ड दारात, दोघांचे हात खिशात.

लॅव्हॉनने रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई आणि कॉफी आणली. केंटने कप घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, "कौतुक तुमचं आहे, बाई. इतकी वर्षं ही अशी घरात. एकदाही फडका मारावासा वाटला नाही?"

आता ह्या माणसाने प्रश्न इंजिनाबद्दल डेलला विचारला असता, नॉर्बला मांजराबद्दल विचारला असता, तर गोष्ट वेगळी. पण त्याने विचारला तिला. हो-नाही एवढंच म्हणायचं होतं. 'नाही' म्हटलं की गॅरेज तिचं. बाहेर आकाश पांढरं झालं होतं, ते कोणत्याही घटकेला खाली यायच्या बेतात होतं.

"गुरुवारी धुतली मी," लॅव्हॉन म्हणाली. "साबणाने."

केंटने बॉनेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग ही धूळ?"

"नॉर्बकडची. कोंबड्यांच्या बाजूची."

"आणि पंजे?"

"बटाटा."

त्याने पाई मात्र पूर्ण खाल्ली, आणि दुसरा तुकडाही घेतला. जाताना डेलशी हात मिळवत म्हणाला, "धुतलेली गाडी मला माझ्या गावातही मिळते हो." रिकामा ट्रेलर खडखडत रस्त्याला लागला.

त्या संध्याकाळी जेवताना डेल म्हणाला, "तू गप्प राहिली असतीस तर."

"तर काय?"

"तुझं काम झालं असतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीठ दे."

रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात गेलॉर्डचा ट्रेलर उभा होता. तिघांनी मिळून ओल्ड्समोबिल हळूहळू वर ओढली. लॅव्हॉन काठी टेकून पायरीवर आली. "आता कुठे?"

"नॉर्बच्या कोठारात," डेल दोर आवळत म्हणाला. "तिथे धूळ खरी आहे. आपोआप बसेल. दहा-पंधरा वर्षांत कुणाला कळायचं नाही."

"दहा-पंधरा वर्षांत? तू किती वर्षांचा आहेस, डेल?"

"गाडीला घाई नाही."

"आणि छप्पर गळतं त्याचं. नॉर्ब, गळतं ना?"

"एका कोपऱ्यात," नॉर्ब म्हणाला.

ज्या माणसाने त्या गाडीवर झाडूचा वारा लागू दिला नव्हता, तो तिला गळक्या छपराखाली कोंबड्यांच्या शेजारी घेऊन चालला होता, आणि बायकोकडे न बघता तिसऱ्यांदा तीच गाठ आवळत होता. लॅव्हॉनने आणखी काही विचारलं नाही. आत जाऊन तिघांसाठी सॉसेज तव्यावर टाकले.

मंगळवारी बर्फ पडला. लॅव्हॉन वाणसामान घेऊन आली, दार वर गेलं आणि तिने गाडी कोरड्या जमिनीवर आणून उभी केली. काच खरवडायची नाही, उतारावर पाय टाकायचा नाही. ती क्षणभर तशीच बसून राहिली, इंजिन बंद करून.

डेल आतल्या दारातून डोकावला. हातात फोन, चष्मा कपाळावर. त्याने तिची गाडी पाहिली, मग गाडीच्या कडेची भिंत पाहिली, मग कामाच्या टेबलाकडची बाजू.

"छोटी आहे गं तुझी," तो म्हणाला. "टेबल जरा सरकवलं तर शेजारी आणखी एक मावेल. लॅन्सिंगला एकाकडे…"

लॅव्हॉनने गाडी पुन्हा चालू केली. मागे घेतली, चाक वळवलं, शाळेची बस फाटकातून काढायची त्याच हाताने, आणि पुढे आणून गॅरेजच्या बरोबर मधोमध उभी केली. मग किल्ली पर्समध्ये टाकली, आणि पर्स घेऊन आत गेली.