हदगावची भोकाची वांगी

गेल्या हंगामात फवारणी करता करता माझा मेहुणा दत्ता भोवळ येऊन बांधावर पडला. चार दिवस नांदेडच्या दवाखान्यात काढून घरी आला, आणि यंदा पुन्हा पंप पाठीला. हे कळल्यावर त्याच्या बहिणीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पिशवी भरली. मी मास्तर, समजावण्याचाच पगार घेतो, म्हणून मलाही बरोबर नेलं.

लातूरहून पहाटेची एसटी पकडा आणि नांदेडला गाडी बदला. बायकोला अर्धं तिकीट, मला पूर्ण, खिडकी मात्र तिलाच. अर्धापूरपासून केळीच्या बागा सुरू होतात. वारंगा फाट्याला खिचडी-भजी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. हदगावहून गावापर्यंत जीप मिळते, ती भरेपर्यंत मात्र धीर धरा.

दत्ताची दोन एकर वांगी आहेत. विहिरीजवळच्या दोन ओळी घरच्या. तिथे फवारा नाही. अळी शिरून शेंडा सुकला की दत्ताची बायको मीरा तो खुडून टाकते. बाकीची वांगी नांदेडच्या बाजाराला. ती कधी फवारायची, असं विचारलं तर म्हणाला, शेजारच्या नामदेवचा पंप वाजला की. बांधापलीकडे जाऊन नामदेवला विचारलं. तो दत्ताच्या पंपाकडे कान लावून बसलेला. किडीला कुणीच विचारत नव्हतं.

दुपारी जेवायला बसलो. भाकरी, ठेचा, भरली वांगी. दत्ता घास घेणार तोच मीरा शांतपणे म्हणाली, "तुमच्या ताटात बाजारची वाढलीत. परवा फवारलेली."

"अन् घरची कुठं गेली?"

"पाव्हण्याला वाढली. नांदेडची लोकं ही खातेत न्हवं? मग तुमाला काय होतंय?"

दत्ताने ताट सरकवलं. मग माझ्याकडे वळला. "दाजी, खरं सांगा. भोकाचं वांगं तुमी घेता का?"

मी घेत नाही. चकचकीत, गुळगुळीत वांगं निवडण्यात आमच्या कॉलनीत माझा हात धरणारा कुणी नाही. तसं कबूल केलं आणि फार लाज वाटली. समजावण्याचं भाषण तिथेच संपलं.

"मग ऐका. यंदा पंप खाली ठिवतो. शेंडे खुडून बघतो. भोकाची निघाली तर तुमाला धाडीन. वापस करायची न्हाई."

महिन्याभराने एसटीने गोणी आली. शेजाऱ्यांना वाटायला गेलो, तर वांगी पाहून सगळ्यांना एकदम उपास आठवले. एवढ्या प्रवासातून काय मिळालं, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे ही गोणीच आहे.

बायको चिरायला बसली. तिसऱ्याच वांग्यातून अळी निघाली आणि ताटलीत चालू लागली. मी नाक मुरडणार, तेवढ्यात तिने विळी बाजूला सारून भावाला फोन लावला.

"दत्ता, अळी निघाली रे. जित्ती हाय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली.