आत दहा, बाहेर दहा

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं. मराठीच्या मॅडमकडे निबंधातल्या गमती, भूगोलाच्या सरांकडे नकाशातल्या. माझे किस्से सुरू झाले की मात्र एक-दोघांचा घास हातातच राहतो. कारण माझ्या किश्शांत करवत असते, ड्रिल मशीन असतं आणि चौदा वर्षांची बत्तीस मुलं असतात! त्यामुळे ते आठवड्याला दोन तरी जमतात, आणि संपता संपत नाहीत.

कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवते. घरातली एखादी अडचण हेरायची, तिच्यावर उपाय म्हणून एक वस्तू कागदावर काढायची आणि मग ती हातानं बनवायची, असा हा विषय. मुलं त्याला 'ठोकाठोकीचा तास' म्हणतात. अकरा वर्षं शिकवतेय आणि अकरा वर्षांत एकाही मुलाला टाका पडलेला नाही. हे मी कुणाला मोठ्यानं सांगत नाही, दृष्ट लागायची भीती वाटते.

* * *

पहिल्याच वर्षी एका मुलाची करवत निसटली आणि बोटाच्या जेमतेम बाजूनं गेली. त्याला काही झालं नाही, पण माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. वर्कशॉपच्या दारातून आत येताना दोन्ही हात पुढं करून बोटं दाखवायची, बाहेर जाताना पुन्हा दाखवायची. जेवढी आत आणली तेवढी बाहेर न्यायची.

नियम मुलांसाठी होता, पण सवय मला लागली. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की मी आधी त्याची बोटं मोजते. एका रविवारी नवरा कांदा चिरत होता. मी आपली स्वयंपाकघरात शिरले आणि म्हणाले, "बोटं दाखव."

त्यानं सुरी खाली ठेवून निमूटपणे दोन्ही हात पुढं केले. वर विचारलं, "आता जाऊ का घरी?"

* * *

आफताब आमच्या नववीचा. वर्गात एखादं नाटक झालं तर त्यात तो असणारच. गेल्या वर्षी लाकडी पेट्यांना लाल ऑइलपेंट लावायचं काम चाललं होतं. तास संपला, रांग लागली, आफताबनं हात पुढं केले. उजव्या हाताला चारच बोटं, आणि अंगठ्याच्या जागी सगळं लाल!

मी ओरडले नाही. मी मटकन खालच्या भुशात बसले. आधी सगळे हसले, मग माझ्याभोवती गोळा झाले. आफताबनं मुडपलेला अंगठा बाहेर काढला आणि माझ्यासमोर नाचवायला लागला. "हाय वो मॅडम, हाय! ह्यो बघा!" म्हणता म्हणता तोच रडायला लागला. शेवटी मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला तेव्हा त्याच्या बोटांवर स्केचपेननं एक ते दहा आकडे घातलेले होते. "आता चुकायचं न्हाय," म्हणाला. तेव्हापासून दारात उभं राहून सगळ्यांची बोटं मोजायचं काम मी त्यालाच दिलंय. माझ्यापेक्षा कडक मोजतो.

* * *

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड आहे. त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलाय. हातोडीच्या आकारावर हातोडी, कानशीच्या आकारावर कानस. तास संपल्यावर एक जरी आकार रिकामा दिसला तर ते हत्यार सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही.

एका शनिवारी शेवटच्या तासाला पक्कड सापडेना. दप्तरं उलटी केली. त्यात चिंचा निघाल्या, गलोल निघाली, कुणाचं तरी मागच्या महिन्यातलं अर्धं थालीपीठ निघालं, पण पक्कड निघाली नाही. बाहेर रिक्षावाले मामा हॉर्न वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. ती कुणाच्या खिशात असेल, तो घरी जाऊन कुठल्या वायरीला लावेल.

पाऊण तासानं मुख्याध्यापक इंगवले सर आले, तेही तावातावानं. एका पकडीसाठी मुलांना कोंडून ठेवता, पालकांना मी काय उत्तर देऊ, असं बरंच बोलले. बोलून दमले तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि बसल्या बसल्या कळवळून उठले. खिशात हात घातला. पक्कड होती! मधल्या सुट्टीत केबिनमधला नळ गळत होता म्हणून स्वतःच घेऊन गेले होते.

सरांनी ती बोर्डावर जागच्या जागी लावली आणि ते निघून गेले. सोमवारी मी सहीसाठी त्यांच्या केबिनमध्ये गेले, तर टेबलाच्या काचेवर खडूनं तीन आकार काढलेले होते. एक चष्म्याचा, एक किल्ल्यांचा आणि एक शाळेच्या शिक्क्याचा.

* * *

मुलांच्या वस्तू चालत नाहीत याचं दुःख सगळ्यांना असतं. मला भीती असते ती चालतील याची.

स्नेहसंमेलनात आम्ही प्रदर्शन मांडलं होतं. पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं, आणि एकदम कर्कश भोंगा वाजायला लागला. मला वाटलं सोल्डरिंगच्या टेबलाला आग लागली. मी माइकजवळ जाऊन ओरडले, "सगळे मैदानात चला!" रांगेनं न्यायचं वगैरे वर्षभर शिकवलेलं मीच विसरले. सर्वांत पुढं पाहुणे पळाले.

मैदानात मी तीनदा मुलं मोजली. तेवढ्यात आठवीची एक मुलगी हसत हसत आली. तिनं पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा बनवला होता आणि कुणालाही न सांगता शाळेच्या टाकीला जोडला होता. गच्चीवरून पाणी वाहत होतं.

"मॅडम, चाललं की वो ते!" ती म्हणाली. तिला पहिलं बक्षीस द्यावं लागलं. पाहुण्यांनीच दिलं, ओल्या बुटांनी.

* * *

आता वैष्णवीचं सांगते. हे मी स्टाफरूममध्ये अजून सांगितलेलं नाही.

वैष्णवी आफताबच्याच वर्गातली. कमी बोलते, आणि मोजून मापून काम करते. अशा मुलीची मला सहसा काळजी वाटत नाही. तिनं घरातली अडचण म्हणून एकच ओळ लिहिली होती: 'पप्पांना जेवणाच्या डब्याचं झाकण उघडता येत नाही.' तिचे वडील एमआयडीसीत कामाला आहेत. तीन वर्षांपूर्वी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. झाकण फिरवून उघडायचं, आणि तेवढा जोर हातात राहिला नाही. कारखान्यात रोज दुसऱ्याला डबा उघडून मागावा लागतो. हे त्यांनी घरी सांगितलेलं नव्हतं. एका संध्याकाळी न उघडलेला डबा घरी आणून तो हातात धरून ते नुसते बसून राहिले, तेव्हा हिला कळलं.

तिनं कागदावर एक लाकडी मूठ काढली. मुठीला दोन भोकं, त्यांतून जुन्या पट्ट्याचा फास. फास झाकणाला अडकवायचा, मूठ तळहातानं दाबून फिरवायची. इतकं साधं आणि इतकं नेमकं चित्र माझ्या अकरा वर्षांत मी पाहिलं नव्हतं. मूठ तिनं कापली, घासली, गुळगुळीत केली. राहिली फक्त ड्रिलनं पाडायची दोन भोकं.

आणि वडिलांची चिठ्ठी आली. माझी मुलगी कुठल्याही मशीनला हात लावणार नाही, काय शिकवायचं ते वहीत शिकवा.

खरं सांगायचं तर चिठ्ठी वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दहा बोटांची जबाबदारी कमी झाली. मग मी वैष्णवीचं तोंड पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आफताब तिला म्हणाला, "आण हिकडं, मी पाडतो." तिनं मूठ दप्तरात ठेवली. तीन आठवडे ती तशीच आणायची, तशीच न्यायची. वडिलांना न कळवता मशीनवर काम कर, असं मी तिला म्हणणं शक्य नव्हतं, आणि वस्तू कुणासाठी आहे हे ती त्यांना सांगू देत नव्हती. शेवटी मी चिठ्ठीच्या मागं लिहिलं, एकदा येऊन आमचं वर्कशॉप बघून जा, मग तुम्ही म्हणाल तसं.

गुरुवारी पहिली पाळी संपवून ते तसेच आले. खांद्याला डब्याची पिशवी, उजवा हात पँटच्या खिशात. दारात आफताब उभा होता. माझ्या लक्षात यायच्या आत तो म्हणाला, "काका, बोटं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वैष्णवीनं मान खाली घातली. आफताबलाही आता कळलं होतं, त्याचे कान लाल झाले, पण तो दारातून हलला नाही. वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं, मग आपल्यामागं रांगेत थांबलेल्या मुलांच्या पुढं केलेल्या हातांकडं. त्यांनी हात खिशातून काढला.

आफताबनं सगळ्यांची मोजतो तशीच मोजली. "आत आठ," म्हणाला, आणि बाजूला झाला.

बराच वेळ ते भिंतीला टेकून उभे होते. मग बोर्ड पाहिला, मशीनची संरक्षक जाळी हलवून पाहिली, गॉगल उचलून काच पाहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आमच्या प्रेसला जाळी नव्हती मॅडम." थोड्या वेळानं त्यांनी वैष्णवीला ड्रिलजवळ बोलावलं. "केस बांध नीट. जोर लावू नको. बिट आपणहून जातंय."

दोन भोकं पडेपर्यंत मी तिची बोटंच मोजत होते. वैष्णवीनं फास ओवला, गाठ मारली आणि वडिलांच्या पिशवीतून डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मूठ तळहाताखाली धरून फिरवली. झाकण सुटलं. आत भाकरी आणि वांग्याची भाजी तशीच होती, आज त्यांनी कुणाला डबा उघडून मागितलाच नव्हता. त्यांनी उभ्या उभ्याच एक तुकडा मोडून खाल्ला.

घंटा झाली. रांग लागली. रांगेत सर्वांत आधी त्यांनीच दोन्ही हात पुढं केले.

"बाहेर आठ," आफताब म्हणाला. "बरोबर हाय, काका."

पण ते बाहेर गेले नाहीत. आफताबच्या शेजारी दारातच उभे राहिले आणि येईल त्याची बोटं मोजायला लागले. वैष्णवीचे हात समोर आले तेव्हा त्यांनी दोनदा मोजली.

"दहा," म्हणाले. "पुढच्या गुरुवारी बी एवढीच पायजेत."