सिद्धलिंगअण्णाचं रबरी गांडूळ

सिद्धलिंगअण्णासारखा चौकस माणूस मी तरी दुसरा बघितला न्हाय. उद्यमनगरात त्याचं ऑईल सील आणि ओ-रिंगचं दुकान. मी फौंड्रीत कामाला, मशीनच्या रबरी रिंगा न्यायला त्याच्याकडं जायचो. गिऱ्हाईक रिंग मागायचं आणि हा विचारायचा, "पण पयली फाटली कशानं, ते सांगा की." गिऱ्हाईक तापायचं. मीबी तापायचो. एकदा म्हणालो, "घाई हाय अण्णा, उद्या रविवार, गळ टाकायला जायचंय," आणि तिथंच फसलो. माशाला कान असत्यात काय? गांडूळ तर मातीतलं, मग ते माशाला आवडतं हे पयल्यांदा कळलं कुणाला? अरं, मला काय ठावं! मी मासा खातो, त्याची मुलाखत घेत न्हाय.

ही एक्क्याण्णव सालातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी गडी उचगावच्या पलीकडच्या जुन्या खणीवर हजर. दगड काढून काढून झालेला खड्डा, त्यात बारमाही पाणी, कडंला शेवाळ. पण हा काठी धरंना. घर पक्कं शैव, अंड्याचं टरफलबी आत शिरत न्हाय. निघताना त्याच्या आईनं, म्हणजे अव्वानं, त्याला गळ्यातलं लिंग हातात धरायला लावून शब्द घेतलता, "बघ खुशाल, पण तुझ्या हातनं जीव जायचा न्हाय."

"मग नुसता बसून काय करणार?" मी विचारलं.

"बघणार."

आणि चौदा वर्षं बघितलं, पावणं! दर रविवारी. मी गळाला गांडूळ टोचलं की हा मान फिरवायचा, आणि मासा लागला की माझ्या आधी हा उभा. मरळ लागल्यावर हाताला हिसका कसा बसतो, हे मला शंभरदा विचारलं असंल. तो हिसका एकदा स्वतःच्या हातानं बघायचा, एवढीच त्याची इच्छा. मला कीव यायची आणि रागबी यायचा. म्हणायचो, "धर की काठी, अव्वा काय खणीवर येणार हाय?" तर म्हणायचा, "तुमच्या पंचशीलातबी पयलं तेच हाय न्हवं?" आमची बायको मीनाबाई कालवण झकास करती, त्यापुरतं मी पयलं शील विसरतो, ते माझं मला ठावं.

दोन हजार पाच साली त्याची भाची सौंदर्या अमेरिकेतनं आली. बरोबर तिचा नवरा, त्याला गळाचा नाद. जाताना तो मामाच्या हातात एक पाकीट ठेवून गेला. आत दहा रबरी गांडुळं. वीतभर लांब, पेनाएवढी जाड, हिरवी, अंगावर काळं ठिपकं. अण्णानं एक नाकाला लावलं. "बडीशेप!" मग, आयला, त्यानं ते चाटलं. "कृष्णात, मीठ हाय रं ह्यात!" मासळी न शिवणारा माणूस गांडूळ चाटतोय, आणि समोर गिऱ्हाईक फाटकी रिंग धरून उभं!

मीठ कशाला, चवीला का वजनाला, ह्यात त्याचं चार दिवस गेलं. तोंड मात्र उजळलतं. "ह्यात जीव न्हाय. गळाचा उलटा काटा कानशीनं घासून टाकतो, म्हणजे मासा अलगद सुटंल, परत पाण्यात. गांडूळ मरत न्हाय, मासाबी मरत न्हाय. मग अव्वाचा शब्द मोडतो कुठं?"

पण ते लावायचं कसं, हे जावई सांगून गेला नव्हता. काठी माझ्याच हातात, पयल्यांदा मी ते खऱ्या गांडुळागत डोक्याकडनं गळावर चढवलं. वढताना ते गरागरा फिरलं आणि तंगूस, म्हणजे आमचा नायलॉनचा दोरा, पिळून पिळून गुंता. शिवाय गळाचं टोक उघडं, त्यामुळं मरळीआधी शेवाळच लागायचं. अण्णानं टोक परत रबरात लपवलं. शेवाळ सुटलं, पण गांडूळ ताठ, मरळीनं ढुंकूनबी बघितलं न्हाय. मी वैतागलो, "अमेरिकेची मासळी खुळी असंल, आमची न्हाय."

अण्णा कुणाची तरी माशांची काचपेटी घेऊन आला. दुकानात पाण्यानं भरली, नुसतं गांडूळ आडवं सोडलं आणि काचेला नाक लावून बसला. "बघ, बघ! आडवं बुडताना दोन्ही टोकं थरथरत्यात. मग गळ डोक्यात कशाला? बरोबर मधी!" मधी टोचलं. झकास थरथरलं, पण रबर मऊ, चार फेकीत तुटलं. दहातली सहा अशी गेली. सातव्याला तो मांडणीकडं बघत ऱ्हायला आणि कपाळावर हात मारला. बारकी ओ-रिंग काढली, गांडुळाच्या कमरेला करदोट्यागत चढवली आणि गळ रबरात न टोचता रिंगेखालनं घातला. वीस फेकी झाल्या, गांडूळ शाबूत! "काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणालो. तो ऐकतच नव्हता.

त्या रविवारी अण्णानं जन्मात पयल्यांदा मासा धरायला काठी उचलली. गांडूळ शेवाळाच्या कडंला पडलं, हळूहळू बुडाय लागलं, आणि तंगूस बाजूला सरकला. मरळीनं तोंडात घेतलतं.

"वढ!" मी वराडलो.

"थांब की. रबर हाय हे तिला कळतंय का बघू. कधी थुकती ते बघायचंय." आणि मोजाय लागला. एक, दोन, तीन...

"अरं वढ, खुळ्या!"

मीठ लागल्यावर ती कशाला थुकती? त्यानं तीस मोजलं तवर तिनं गळ पार आत घेतलता. हिसका बसला, काठी वाकली, अण्णा लहान पोरागत वराडला. असला आनंद मी त्याच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. हातभर मरळ काठावर आली. तोंडात गळ दिसंना. कल्ल्यातनं रक्त गळत होतं. काटा घासलेला म्हणून गळ निघाला, पण कल्ला फाटलाच. त्यानं तिला पाण्यात धरलं, पुढंमागं केलं, अर्धा तास. मरळ लई चिवट, पाण्याबाहेरबी जगती. ही जगली न्हाय.

"तू ने घरी, वाया जायला नको," तो म्हणाला. "पण आधी माझ्याबरोबर चल. अव्वाला एकट्यानं सांगायचा धीर न्हाय."

मरळीची पिशवी रस्त्यावर सायकलीला अडकवून मी त्याच्या दारात उभा ऱ्हायलो. दुपारची जेवायची वेळ. अव्वा सोप्यात वाती वळत बसलती. अण्णानं तिचं पाय धरलं. "अव्वा, शब्द मोडला. आज माझ्या हातनं मासा मेला."

अव्वानं वात खाली ठेवली. "आजच व्हय?"

"आजच. पयल्यांदा."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं नुसता बघत बसलतो. ह्यो कृष्णात साक्षीला हाय."

मी मान हलवली. म्हातारी माझ्याकडं बघत ऱ्हायली, मग त्याच्याकडं. "दर रविवारी तुझ्या कापडाला मासळीचा वास यायचा. म्हटलं, नादापुढं शब्द कुठला टिकतोय. विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. एका पापाची दोन कशाला, म्हणून तोंड मिटून घेतलं. तुझ्या पापापायी रविवारी दुपारी मी जेवत न्हाय."

अव्वाचा आपला कसला तरी उपास असंल, असं अण्णाला वाटायचं. सगळ्या उद्यमनगराला प्रश्न विचारून बेजार करणाऱ्या माणसानं आईला हे एकदाबी विचारलं नव्हतं.

"शिवगंगा, ताट आण!" त्यानं बायकोला हाक मारली. "जेव अव्वा. चौदा वर्षं फुकट उपाशी ऱ्हायलीस. आता तरी जेव."

"आज कशी जेवू?" अव्वा म्हणाली. "आज तर खरंच मेलाय की."